अकराव्या प्रश्नावरची खूण

दिनांक १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार. सकाळी ९ वाजून २० मिनिटे.

नाव: फिलोमिना सेरवा डोन्कोर. वय: ७१ वर्षे. व्यवसाय: निवृत्त शिक्षिका. राहणार: येबोआक्रोम, कॅथलिक चर्चच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, अहाफो, घाना.

मी, वर नाव दिलेली, कोणी बोलावलेले नसताना स्वतः ठाण्यात आले असून पुढील हकीकत माझ्या तोंडून सांगते.

याआ न्सिया, वय ६९, विधवा, कोकोची शेती करणारी, राहणार येबोआक्रोम, हिला मंगळवार दिनांक ११ रोजी या ठाण्याने अटक केली आहे. परवाना न घेता इमारती लाकडाची आठ झाडे तोडली, असा तिच्यावर आरोप आहे. झाडे तिच्या शेतातली होती आणि तिच्या सांगण्यावरून तुटली, हे खरे आहे. तिने ते नाकारलेले नाही. ती का तुटली, हे मात्र तिच्या जबाबात नाही. तिच्या जबाबाची दहा ओळींची प्रत मी बाहेरच्या बाकावर बसून वाचली. त्यात व्याकरणाच्या सहा चुका आहेत. त्या राहू द्याव्यात.

न्सियाला मी लहानपणापासून ओळखते. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. माझे वडील चर्चमध्ये धर्मशिक्षण देत, म्हणून मला सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये पाठवले. तिला शेतावर पाठवले. कॉन्व्हेंटमध्ये घरची भाषा बोलणाऱ्या मुलीच्या गळ्यात दिवसभर लाकडी पाटी अडकवत. पहिल्या वर्षी ती पाटी माझ्या गळ्यात बरेच दिवस होती, नंतर कधीच नव्हती. पुढे मी अडतीस वर्षे इंग्रजी शिकवले. लिहिणाऱ्या साहेबांनी याचा इथे काय संबंध, असे विचारले. संबंध आहे. लिहावे.

न्सियाचे शेत गावापासून पाऊण तासाच्या चालीवर, ओढ्याच्या पलीकडे आहे. तिच्या नवऱ्याने कोको लावला तेव्हा सावलीसाठी जुनी मोठी झाडे राखली. सात एमिरेची आणि दोन ओडुमची, एकूण नऊ. नवरा गेल्यावर ती झाडे तिने एकटीने सांभाळली. १९९८ साली एक लाकूड ठेकेदार कसलासा कागद घेऊन ओडुम तोडायला आला होता. तेव्हा न्सिया दोन दिवस बुंध्याला पाठ लावून बसली होती. तिला उठवायला याच ठाण्याचे दोन शिपाई आले होते आणि न उठवता परत गेले होते. त्या वर्षीची नोंदवही काढून पाहावी. जी बाई झाड तोडू देत नाही म्हणून तुम्ही आला होता, तीच बाई झाड तोडले म्हणून आज आत बसली आहे.

या वर्षी फेब्रुवारी महिन्यात खरेदी कारकून लायनस ओडूरो याने गावात सांगितले की युरोपात नवा कायदा होत आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून त्या जागेवर पिकवलेला कोको तिथे घेतला जाणार नाही. कायदा लागू होण्याची तारीख पुढे ढकलली जात होती, पण खरेदी संस्थेने वाट पाहिली नाही. लायनस मोबाईल हातात धरून प्रत्येक शेताच्या हद्दीवरून चालत गेला व नकाशा केला. त्यासोबत प्रत्येक शेतकऱ्याचा एक इंग्रजी अर्ज भरायचा होता. लायनस माझा विद्यार्थी. त्याचे इंग्रजी कसे आहे ते मला माहीत आहे, म्हणून अर्ज मी भरून देईन असे मीच सांगितले.

रविवार दिनांक १६ मार्च रोजी प्रार्थनेनंतर चर्चच्या सभागृहात मी त्रेसष्ट अर्ज भरले. अर्जातला अकरावा प्रश्न असा होता: ३१ डिसेंबर २०२० रोजी या जमिनीवर काय होते? पुढे चार चौकटी होत्या. शेती, पडीक, जंगल, इतर. एकीत खूण करायची होती.

इथे एक गोष्ट नोंदवून घ्यावी. आमच्या बोलीत माणूस शेतावर निघाला तरी 'रानात चाललो' असेच म्हणतो. कोकोचे शेत मोठ्या झाडांखाली असते, त्यालाही रानच म्हणतात. आणि गुरुवारी जमिनीची सुटी असते. त्या दिवशी कोणी कुदळ लावत नाही, रानात पाऊलही टाकत नाही. हे साहेबांना ठाऊक आहे असे ते म्हणाले. कायदा करणाऱ्यांना ठाऊक नसावे.

न्सिया रांगेत एकेचाळिसावी होती. आमचे बोलणे झाले ते जसेच्या तसे सांगते.

मी विचारले, "३१ डिसेंबर २०२० ला तुझ्या जमिनीवर काय होतं?"

ती म्हणाली, "कुठला वार होता?"

मी हिशोब करून सांगितले, "गुरुवार."

"मग मी कशाला जाते तिकडं गुरुवारची? रान होतं. नुसतं रान."

मागचे लोक हसले. मी म्हटले, "न्सिया, चेष्टा पुरे. शेती, पडीक, जंगल की इतर, ते सांग."

"रान म्हणजे रान गं! मी रोज जाते ते. तुझ्या सिस्टरांनी तुला वार मोजायला शिकवलं आणि रान नाही शिकवलं?"

रांगेतून कोणीतरी ओरडले, "मॅडमना इंग्रजीतलं रान ठाऊक आहे, आपलं नाही!" सगळे सभागृह हसले. फादरही हसले.

मी 'जंगल' या चौकटीत खूण केली. न्सियाने खाली अंगठा उठवला आणि "दुखावलीस होय गं?" असे विचारले. मी पुढच्या माणसाला हाक मारली.

त्या दिवशी 'रान' असे उत्तर देणारी न्सिया एकटी नव्हती. एकूण चौदा जण तसे म्हणाले. तेरा जणांच्या अर्जावर मी 'शेती' अशी खूण केली, कारण त्यांना काय म्हणायचे आहे ते मला कळत होते. न्सियाचेही कळत होते. ३१ डिसेंबर २०२० च्या गुरुवारी ती माझ्याच ओट्यावर बसून केळी भाजत होती आणि बिया वाळवायला ऊन कसे पुरत नाही, याबद्दल कुरकुरत होती.

खूण चुकून झाली का, असे साहेबांनी विचारले. नाही. खूण करताना मला राग आला होता. ती जे बोलली तेच मी शब्दशः लिहिले, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. न्सियाखेरीज ही गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नव्हती. पापनिवेदनातही नाही.

सोमवार दिनांक ६ ऑक्टोबर रोजी हंगामाची पहिली पोती घेऊन न्सिया खरेदीच्या शेडवर गेली. लायनसने तिची पोती काट्यावर चढवलीच नाहीत. त्याच्या मोबाईलवर तिचे शेत लाल दिसत होते. दुपारी ती माझ्याकडे आली व उभ्यानेच बोलली.

"मेना, माझा कोको चोरीचा आहे का?"

"कोण म्हणालं?"

"लायनस म्हणतो, तुमचं शेत लाल आहे, आजी. अरे, म्हटलं, शेत हिरवं असतं. तर म्हणतो, म्हणूनच लाल आहे."

मी तिच्यासोबत शेडवर गेले. लायनसने मोबाईल दाखवला. अर्जावर 'जंगल' आणि उपग्रहाच्या चित्रातही झाडांचे दाट शेंडे. दोन्ही जुळल्यामुळे शेत यादीतून वगळले गेले होते. लायनसने मला अर्जाबद्दल हळू आवाजात इंग्रजीत सांगितले. न्सियाला त्याने आमच्या भाषेत एवढेच सांगितले: "आजी, वरनं नुसती डोकी दिसतात हो झाडांची. खालचा कोको दिसत नाही. त्यांना वाटतं जंगल आहे."

न्सियाने माझ्याकडे पाहून विचारले, "इंग्रजीत काय म्हणाला?"

मी म्हटले, "तेच."

परत येताना ती वाटेत दोनदा थांबली. पुढच्या पावसाआधी छप्पर बदलायचे होते, ते आता कसे व्हायचे, असे म्हणाली. दुसरा खरेदीदार हा कोको घेणार नाही, हे तिला कळले होते. यादी सगळ्यांची एकच आहे. मी तिला म्हटले, "माणसांची चूक आहे, मी लिहून दुरुस्त करून घेते. तू काही करू नकोस." कोणत्या माणसांची, ते मी सांगितले नाही. सांगायला पाऊण मैलाचा रस्ता होता.

दिनांक ८ ऑक्टोबर रोजी मी दुरुस्तीचा अर्ज केला. उत्तर न आल्याने १५ ला दुसरा आणि २२ ला तिसरा केला. तिन्हींच्या नकला सोबत जोडत आहे. तिन्हींत मी स्पष्ट लिहिले आहे की अकराव्या प्रश्नावर चुकीची खूण फिलोमिना डोन्कोर हिने केली, शेतकरी बाईने नाही. म्हणजे परक्या कचेरीतल्या अनोळखी माणसाला मी तीन वेळा खरे सांगितले. न्सिया त्या दिवसांत रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येत होती.

एकदा तिने विचारले, "मेना, ते वरनं बघतात ते रोज बघतात का?"

मी म्हटले, "काही दिवसांनी नवं चित्र घेत असतील."

"म्हणजे डोकी नसली तर नव्या चित्रात कोको दिसेल."

"न्सिया, वेडेपणा करू नकोस."

"मी कुठं काय करतेय? विचारलं नुसतं."

तो प्रश्न तिने का विचारला, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. तिच्या समजुतीप्रमाणे अडचण झाडांची होती. अडचण खुणेची आहे, हे तिला माहीतच नव्हते.

सोमवार दिनांक ३ नोव्हेंबर रोजी मी कुमासीला कॉन्व्हेंटच्या माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्याला गेले. तिथे चार दिवस राहिले. उरलेल्या तीन सिस्टरांना आम्ही शाली दिल्या. मला भाषण करायला सांगितले होते. विषय होता, शब्दाचा नेमकेपणा. मी ते केले. टाळ्या पडल्या.

मंगळवार दिनांक ४ व बुधवार दिनांक ५ रोजी न्सियाने मशीनची करवत चालवणाऱ्या एका माणसाकडून आठ झाडे पाडली. सात एमिरे, एक ओडुम. ओडुमच्या मुळाशी तिने आधी अंडे फोडले व माफी मागितली, असे तिने मला नंतर सांगितले. करवतवाल्याचे नाव मला माहीत नाही. गुरुवारी तो शेजारच्या गावी जाऊन झोपला, कारण गुरुवारी तोही रानात पाय ठेवत नाही. त्यामुळे दुसरा ओडुम उभा राहिला. खाडाखोड न करता हे लिहावे: एक झाड उभे आहे.

मी गुरुवार दिनांक ६ रोजी दुपारी परत आले. न्सिया माझ्या दारातच होती. तिचे केस अजून कालच्या लाकडाच्या भुश्याने भरले होते. इतकी खूष मी तिला तिच्या मुलीच्या लग्नातही पाहिली नाही.

"बघू दे म्हणावं आता वरनं! उघडं केलंय सगळं. उद्या शेवटचं पडलं की कोकोचं पानन्‌पान मोजून घ्या म्हणावं."

मी बसले. तिने मला पाणी दिले. मी तेव्हाही सांगितले नाही.

शुक्रवार दिनांक ७ रोजी सकाळी साडेसातला आम्ही दोघी शेतावर गेलो. मी त्या शेतात अनेकदा गेले आहे. तिथे दुपारीही अंधूक असे, उन्हासाठी डोक्यावर घेतलेला रुमाल काढून ठेवता येई. त्या दिवशी मला डोळ्यांवर हात धरावा लागला. पडलेल्या झाडांखाली तीसेक कोकोची झाडे चिरडली होती. जी उभी होती त्यांची पाने दोन दिवसांच्या उन्हाने कडेने तपकिरी झाली होती. न्सियाने एक पान खुडून त्याची कड चुरली, हुंगली आणि पान कमरेला खोचले. करवतवाला मशीनमध्ये तेल घालत होता.

साधारण आठ वाजता लायनस मोटारसायकलवरून आला. त्याच्या हातात पत्र होते. पत्रावर तारीख ३० ऑक्टोबर होती, शहरातल्या कचेरीतून गावात यायला त्याला आठ दिवस लागले होते. लायनसने आधी तोडलेली झाडे पाहिली आणि "अरे देवा, आजी" एवढेच म्हणाला. न्सिया म्हणाली, "वाच." त्याने माझ्याकडे पाहिले. मी पत्र मागितले, पण न्सियाने त्याचा हात धरला. "तू वाच. मेनाच्या डोळ्यांना ऊन लागतंय."

त्याने वाचून भाषांतर केले. माजी शिक्षिका फिलोमिना डोन्कोर यांनी अर्ज भरताना अकराव्या प्रश्नावर 'जंगल' अशी चुकीची खूण केली होती, असे त्यांनीच कळवले आहे. जुनी चित्रे पुन्हा तपासली असता ही जमीन पूर्वीपासून सावलीतील कोकोची शेती असल्याचे दिसते. हे शेत यादीत घेण्यात येत आहे.

न्सियाने करवतवाल्याला सांगितले, "ते राहू दे." तो मशीन उचलून निघून गेला. मग ती आडव्या पडलेल्या ओडुमवर बसली आणि मला म्हणाली, "त्या दिवशी तू रागावली होतीस."

मी "हो" म्हटले.

"मला कळलं होतं. मला वाटलं, दोन दिवस बोलणार नाहीस आणि मग येशील."

लायनसने नंतर मला बाजूला घेऊन सांगितले की पुढचे चित्र निघेल तेव्हा तिथे २०२५ साली झाडे तोडलेली दिसतील. शेत पुन्हा लाल होऊ शकते, आणि या वेळी दुरुस्तीचा अर्ज कसा लिहायचा हे त्याला ठाऊक नाही. मलाही ठाऊक नाही. तिला जंगल तोडायचे नव्हते, तिला जंगल नाही एवढे दाखवायचे होते. हे कोणत्या चौकटीत बसते, ते त्या अर्जात दिलेले नाही.

सोमवारी वनखात्याचे लोक येऊन ओंडके मोजून गेले. मंगळवारी अटक झाली. त्याच दिवशी मी ठाण्यात आले होते, परंतु माझा विषयाशी संबंध नाही असे दारावरील शिपायाने सांगितले. त्याचा नंबर मी लिहून घेतला आहे.

काल बुधवारी दुपारी मी न्सियासाठी कुटलेल्या कंदांचा फुफू आणि पामफळांचा रस्सा घेऊन आले. ती भुकेली होती. रश्श्यात मीठ कमी आहे, असे म्हणाली. मीठ कमी नव्हते. मग मी तिला जे सांगायचे होते ते सांगितले. ती जेवत राहिली. बोटे चाटून झाल्यावर म्हणाली, "हे मला कशाला सांगतेस? मी पत्रात ऐकलंय. त्यांना सांग, लिहून घेणाऱ्यांना."

मी म्हटले, "आत्ता सांगते."

"आत्ता नको. उद्या गुरुवार आहे. रानात कोणी जात नाही, तुझ्या मागं रांग नसेल. सावकाश सांग. आणि मेना, मी बोलले ते बोलले तसंच सांग. नीटनेटकं करू नकोस."

मी माझ्याकडून नीटनेटके केलेले नाही.

माझे म्हणणे असे की झाडे तोडण्याचा हुकूम न्सियाने दिला, पण तिला जे कारण ठाऊक होते ते खोटे होते आणि ते खोटे राहू देणारी मी आहे. अर्जावरची खूण माझी आहे. ६ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर या अठ्ठावीस दिवसांत एक वाक्य बोलले असते तर आठही झाडे आज उभी असती. खटला भरायचा असल्यास माझे नाव त्यात घालावे. न घालता आल्यास तिच्या जामिनास मी उभी राहते. माझे घर माझ्या नावावर आहे. अकराव्या प्रश्नाचा अर्ज, माझी तीन पत्रे व कचेरीचे उत्तर सोबत दिले आहे. उभा असलेला ओडुम पंचनाम्यात नोंदवावा, कारण पंचनामा करणाऱ्यांनी फक्त पडलेली झाडे मोजली आहेत.

मला आणखी काही सांगायचे नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे उतरला आहे, एक जागा सोडून. शेवटच्या पानावर न्सियाच्या बोलण्यात साहेबांनी 'जंगलात कोणी जात नाही' असे लिहिले होते. मी थांबवले. साहेब म्हणाले, "एकच ना हो, मॅडम?" मी नाही म्हटले. तो शब्द माझ्यासमोर खोडून तिथे 'रानात' असे लिहिले व शेजारी माझी सही घेतली. आता बरोबर आहे.

सही: फिलोमिना सेरवा डोन्कोर